डाव्या हाताचा उन्हाळा

यंदा पोलीस भरतीची जाहिरात ऐन चैत्रात आली आणि आमच्या घरामागच्या ग्राउंडावर मुली पळायला लागल्या. पहाटे पाचलाच येतात. कुणी भावाच्या गाडीवर मागे बसून, कुणी चालत, एकदोघी खेड्यातून पहिल्या गाडीनं. साडेसहाला ऊन खांद्यावर येतं, साताला टोचायला लागतं, तरी फेऱ्या चालूच असतात. ड्यूटीला जायच्या आधी मी तिथल्या कट्ट्यावर थोडा वेळ बसते. पोलिसात अकरा वर्षं झाली, म्हणून मुली ताई ताई करत विचारायला येतात. गोळा कसा धरू, शेवटच्या फेरीत दम कसा राखू. विचारलं तेवढं सांगते. परवा एक पोरगी पोटरी धरून मातीत बसली आणि रडायला लागली. बाकीच्या तिच्याभोवती गोळा झाल्या. एकच तिला वळसा घालून पुढे पळत राहिली. माझी नजर त्या एकीवर होती. ही लागणार, असं मनात आलं, आणि मग दिवसभर मला माझाच राग येत राहिला.

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी इथले लोक कौतुकानं बोलतात. घरातल्या एखाद्या तापट म्हाताऱ्याविषयी बोलावं तसं. यंदा किती गेला, गेल्या वर्षी किती होता, याच्या चढाओढी लागतात. मला त्याचं काडीचं कौतुक नाही. दाराची कडी दुपारी हाताला भाजते, पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणीसुद्धा आधी गरमच येतं, खिडकीला ओली चादर बांधावी तर अर्ध्या तासात कडक होते. ताकात कालवलेल्या ज्वारीच्या कण्या खाऊन लोक निपचित पडून राहतात. असाच एक उन्हाळा अकरा वर्षांपूर्वी आला आणि मी कोण आहे ते मला त्यात कळलं. कळलं ते चांगलं नव्हतं. तेव्हापासून चैत्र लागला की माझ्या डाव्या तळहाताला घाम येतो. उजव्याला नाही.

होटगीहून आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरनं सोलापूरला यायचो. मी आणि मंगल. माझे वडील रेल्वेत गँगमन, मंगलचे आप्पा मेंढरांमागे. शाळा एकच, इयत्ता एकच. स्टेशनवरून चालत पूर्व भागात जायचं, तिथं एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यात सिद्राम मास्तर मुलींना भरतीसाठी तयार करायचे. माग केव्हाच विकले गेले होते. फरशीवर त्यांच्या पायांच्या चौकोनी खुणा राहिल्या होत्या आणि कोपऱ्यात, तुळईवर, दिव्याच्या वायरवर अजून सुताची लव चिकटलेली होती. श्वास घेतला की ती नाकात जायची. वर पत्रा. सकाळी आठनंतर त्या पत्र्याखाली उभं राहणं हीच एक शिक्षा होती आणि मास्तर नेमके आठलाच वजनाला हात घालायला लावायचे. ग्राउंडावर उन्हात उभं करतील तेव्हा काय पंखा लावणार आहेत का, असं म्हणायचे. ते स्वतः आयुष्यभर मिलमध्ये जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. तरुणपणी वजनं उचलायचे. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि शिव्या दोन्ही भाषांत.

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. गोळा एका हातानं फेकायचा असतो, ढाल एका हातात धरायची असते, पळणाऱ्याची कॉलर एका हातानंच पकडायची असते. मग वजन दोन्ही हातांनी उचलून काय उपयोग. म्हणून जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभं राहायचं, ती डेडलिफ्ट त्यांच्याकडे एका हाताची. बार पुढ्यात आडवा नाही ठेवायचा, पायाच्या बाजूला उभा ठेवायचा, एक टोक पुढे आणि एक मागे, प्रवासाची बॅग शेजारी ठेवतो तसा. पाय खांद्याएवढे. मग बूड मागं सारायचं आणि मांडीच्या सांध्यात वाकायचं, कमरेत नाही. "पाठीची कमान झाली तर काठीनं सरळ करीन," हे मास्तर रोज सांगायचे आणि आठवड्यातून एकदा करूनही दाखवायचे. हात बारवर जातो तेव्हा गुडघे थोडे मोडायचे. पोटात श्वास भरून पोट दगडासारखं करायचं. मोकळ्या हाताची मूठ वळून तो बाजूला ताठ ठेवायचा, म्हणजे शरीराला तोल मिळतो. आणि मग हातानं ओढायचं नाहीच. पायांनी जमीन खाली ढकलायची. हात म्हणजे नुसता दोर.

खरी परीक्षा पुढे असते. वजन एका अंगाला आहे, म्हणून शरीर त्या अंगाला वळायला बघतं. खांदा खाली पडतो, छाती फिरते, कंबर वाकडी होते. ते होऊ द्यायचं नाही. दोन्ही खांदे एका रेषेत ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत सरळ उभं राहायचं. जणू हातात काहीच नाही. पोटाच्या कडेचे जे स्नायू एरवी झोपलेले असतात ते तेव्हा जागे होतात, पकड लोखंडी होते, आणि मुख्य म्हणजे कुठला हात कच्चा आहे ते लपत नाही. दोन हातांनी उचलताना बळकट हात दुसऱ्याचं निम्मं काम करून टाकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. एका हातानं उचलताना शरीराला खोटं बोलता येत नाही. खाली ठेवतानाही तोच रस्ता उलटा. आपटायचं नाही. आपटणारीला मास्तर पुन्हा उचलायला लावायचे.

हल्ली मी जिथं जाते त्या जिममध्ये एसी आहे आणि एक तरुण ट्रेनर आहे. तो मला मागच्या महिन्यात म्हणाला, "मॅडम, तुमचा डावा हात उजव्याच्या बरोबरीचा आहे, असं सहसा दिसत नाही. कुठं केलंत हे?" मी म्हणाले, पत्र्याखाली. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यानं मोबाईलवर मला हाच व्यायाम परदेशातला नवा प्रकार म्हणून दाखवला. मी बघितला. पडद्यावरची बाई छान उचलत होती, पण तिच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं. मी विचारलं, हिचा मध्य कोण बघतंय? त्याला प्रश्न कळला नाही आणि मी समजावून सांगितलं नाही.

मास्तरांचे दोन नियम होते. पहिला, डावा आधी. कच्च्या हातानं सुरुवात करायची आणि कच्चा हात जेवढ्या वेळा उचलेल तेवढ्याच वेळा पक्क्यानं उचलायचं, एकही जास्त नाही. पक्का हात मग चुळबुळ करतो, अंगात ताकद असताना त्याला थांबावं लागतं, पण हळूहळू दोन्ही बाजू सारख्या होतात. हा नियम चांगला आहे, मी आजही मुलींना हाच सांगते. दुसरा नियम मास्तरांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला. दोन मुलींची जोडी लावायची आणि पहिला नियम जोडीलाही लावायचा. जोडीतली कच्ची जेवढं उचलेल तेवढंच पक्कीनं उचलायचं. वजन वाढवायचं तर दोघींचं एकदम. एकमेकींना ओढून न्या, असा त्यांचा हेतू असावा. त्यांनी माग बघितले होते, माणसं फारशी बघितली नव्हती.

जोडीचं आणखी एक काम असे. बार पायाशेजारी असतो आणि मान वर, नजर भिंतीवर. खाली बघितलंस तर पाठ गोल होते, म्हणून उचलणारीनं खाली बघायचं नाही. पण हात बारच्या बरोबर मध्यावर पाहिजे. दोन बोटं जरी पुढेमागे झाला तर बारचं एक टोक जड होतं, ते खाली राहतं, दुसरं वर येतं, आणि मधे मनगट पिळून निघतं. म्हणून मास्तरांनी बारच्या मध्यावर लाल सुताचे वेढे दिले होते. वापरून वापरून ते चपटे झाले होते, हाताला लागायचे नाहीत, डोळ्यांनाच दिसायचे. जोडीदारणीनं शेजारी उकिडवं बसायचं, हात सुतावर आहे का बघायचं आणि म्हणायचं, "मध्य." ते ऐकल्याशिवाय उचलायचं नाही. ऐकलं की उचलायचं. बारा-पंधरा मुली, सगळ्या शेडमध्ये हा एकच शब्द घुमत असायचा.

मंगलचा डावा हात अधू होता. लहानपणी मेंढ्यानं दिलेल्या धडकेत मनगट मोडलं आणि गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ते जरा वाकडं बसवलं. दिसायला काही नव्हतं. बांगड्या घातल्या की कळायचंही नाही. पण पंचवीस किलोच्या पुढे त्या मनगटातून कळ जायची आणि तिच्या वरच्या ओठावर घाम फुटायचा. हे शेडमध्ये मला एकटीला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात पॅसेंजरमध्ये ती मला म्हणाली होती, "वंदे, मास्तरला सांगू नगं. घरी धाडतील. आप्पा म्हणलेत, ह्यो एकच येळ. लागली तर लागली, न्हायतर मोडनिंबचं स्थळ बघून ठिवलंय." मी म्हणाले, नाही सांगणार. आणि सांगितलं नाही, ते मात्र मी शेवटपर्यंत पाळलं. या गोष्टीचा मला बरेच दिवस अभिमानही होता.

तिला लग्न नको होतं असं नाही. तिला आधी वर्दी पाहिजे होती. एवढंच तिचं मागणं होतं आणि त्यासाठी तिच्याकडे एक उन्हाळा होता. पळण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. मेंढरांमागे माळ तुडवून पाय तयार झालेले. आठशे मीटरला ती अनवाणी पळायची आणि मी बूट घालून तिच्या टाचा बघत मागे असायची. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्यात माती भरलेली असायची. दोन महिने रोज सकाळी मी त्या भेगा बघितल्या. गोळाही तिचा उजव्या हातानं माझ्या पुढे जायचा. म्हणजे जे मोजलं जाणार होतं त्या सगळ्यात ती माझ्या पुढे होती. मी तिच्या पुढे होते ती फक्त शेडमध्ये, बारवर. आणि तिथं मास्तरांच्या नियमानं ती मला थांबवून धरत होती. माझ्या अंगात दहा वेळा उचलायची ताकद असायची आणि मंगल चारवर थांबली की मलाही चारवर बार खाली ठेवावा लागायचा. शेजारची जोडी वजन वाढवत चाललेली. मास्तर येऊन बघायचे आणि म्हणायचे, "तुमची जोडी म्हणजे बैलाला बांधलेली शेळी." मी हसायची. मंगलही हसायची. शेळी कोण, हे कुणी विचारलं नाही.

मग मी तिला दीडहाती म्हणायला लागले. आधी एकटीत, मग चारचौघींत. मुलींना वाटलं तिचा डावा आळशी आहे, त्याही म्हणायला लागल्या. ए दीडहाती, पाणी आण. मंगल आणायची. तिला चिडता यायचं नाही, कारण चिडली तर हाताचा विषय निघणार. मला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते नाव मी शोधलं होतं. डबा खाताना मी तिला माझ्यातली शेंगाचटणी द्यायची, पॅसेंजरमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, आणि शेडमध्ये मी तिला दीडहाती म्हणायची. या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात व्हायच्या आणि मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. माणूस दुष्ट होतो तेव्हा त्याला तसं काही जाणवत नाही. भूक लागते, झोप लागते, गाडी चुकेल याची काळजी वाटते.

भरतीला बारा दिवस राहिले होते. त्या सकाळी शेडमध्ये शिरतानाच पत्रा तडतडत होता. मास्तर म्हणाले, आज डावा पस्तीस, सगळ्यांना. मंगलनं माझ्याकडे बघितलं. तिनं तोवर अठ्ठावीस उचलले होते, तेही दात खाऊन. मी मास्तरांना म्हणू शकले असते, आमची जोडी उद्या करेल. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि सोडून दिलं असतं. उलट प्लेटा मीच चढवल्या.

मंगल उभी राहिली. हाताला खडूची पूड चोळली. बूड मागं, पाठ सरळ, नजर भिंतीवर. सगळं मास्तरांनी शिकवलं तसं अगदी बरोबर. दोन महिन्यांत तिची पाठ एकदाही वाकलेली मी बघितली नव्हती. तिचा डावा हात खाली आला आणि बारवर बसला. मी शेजारी उकिडवी बसले होते. हात सुताच्या मागे होता. चांगली दोन बोटं मागे. लाल सूत तिच्या अंगठ्याच्या पुढे पूर्ण मोकळं दिसत होतं.

मी ते बघितलं. नीट बघितलं. घाई नव्हती, अंधार नव्हता, डोळ्यात घाम गेला नव्हता. इतकी वर्षं मी यातली एकेक सबब लावून बघितली आणि एकही बसली नाही. मला त्या क्षणी तिच्या टाचा दिसल्या. बारच्या पलीकडे, फरशीवर घट्ट रोवलेल्या. आणि मी म्हणाले, "मध्य."

तिनं एक क्षण घेतला. मग जमीन ढकलली. बारचं मागचं टोक उसळलं, पुढचं फरशीला टेकूनच राहिलं आणि मधे तिचं मनगट वळलं. आवाज आला तो लोखंडाचा होता असं बाकीच्या म्हणतात. मी जवळ होते. मंगल ओरडली नाही. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ती हात पोटाशी धरून आडवी झाली, आणि तिच्या गालाला फरशीवरची सुताची लव चिकटली.

सगळ्या तिच्याकडे धावल्या. मी धावले नाही. बारवर तिच्या खडूभरल्या हाताचा पांढरा ठसा उमटला होता, सुताच्या मागे दोन बोटं. आंधळ्यालाही कळला असता. मी गळ्यातला नॅपकिन काढला आणि तो पुसला. मग धावले.

मास्तर आले, बार बघितला, माझ्याकडे बघितलं. "मध्य कोण म्हणलं?"

"मी."

"बघितलीस?"

"बघितलं मास्तर. मधीच हुता."

मंगलला मास्तरांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं जुनं मोडलेलं हाड फोटोत दिसलं आणि मास्तरांना सगळा उलगडा झाला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. अधू हात, लपवलेला, वजन जास्त. माझ्यावरचा संशय तिथंच मिटला. परत येऊन त्यांनी शेडमधल्या मुलींना एक तास उभं करून ऐकवलं. शरीराची खोट लपवणारी पोरगी स्वतःचा जीव घेते, दुसऱ्याचाही घेईल, असं. मी पहिल्या रांगेत उभी राहून मान हलवत होते.

कोपरापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे. भरती बारा दिवसांवर.

दुसऱ्या दिवसापासून मला जोडी नव्हती. मास्तर म्हणाले, तू एकटी कर, मध्य मी बघतो. माझ्या अंगात साठलेलं सगळं त्या बारा दिवसांत बाहेर आलं. चाळीस उचलले, पंचेचाळीस उचलले, डावा आणि उजवा सारखे. मला बरं वाटत होतं, हे लिहिताना लाज वाटते पण खोटं लिहून काय करू. पॅसेंजरमध्ये शेजारची जागा रिकामी असायची आणि मी तिथं बॅग ठेवायची. ग्राउंडावर माझ्या पुढे टाचा नव्हत्या. मी लागले. यादी लागली त्या दिवशी मास्तरांनी पेढे वाटले आणि पहिला माझ्या तोंडात घातला.

स्वतःला समजावायला माझ्याकडे एक वाक्य होतं. मेडिकलला ती सापडलीच असती. वाकडं मनगट डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं नसतं, ती तशीही बाहेरच पडली असती, मी फक्त बारा दिवस आधी पाडली. हे वाक्य मी बरीच वर्षं वापरलं. मग मी स्वतः भरतीच्या बंदोबस्ताला उभी राहायला लागले, मेडिकलच्या रांगा बघितल्या, आणि त्याहून वाकडी मनगटं पास होताना बघितली. तेव्हापासून ते वाक्यही गेलं.

मंगलचं लग्न ज्येष्ठात झालं. मोडनिंबचा मुलगा, हायवेला टायरचं दुकान. उजव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि डाव्यात मळकं प्लास्टर. सासरच्या बायका विचारायच्या, काय झालं गं, आणि ती सांगायची, पडले. एका म्हातारीनं प्लास्टरला हळद लावली. मी पंगतीत बसून दोनदा बुंदी घेतली. निघताना मंगल मला म्हणाली, "वर्दीतला फोटू धाड." मी धाडला नाही.

आता मास्तर नाहीत. शेड पाडून तिथं गोडाऊन झालंय. मी मात्र शिकवते. ग्राउंडावरच्या तीन-चार मुली रविवारी माझ्या अंगणात येतात, माझ्याकडे एक बार आणि थोड्या प्लेटा आहेत. डावा आधी, कच्चा जेवढं करेल तेवढंच पक्का, पोट दगड, खांदे सरळ, पायांनी ढकल. सगळं जसंच्या तसं देते. जोड्या लावत नाही. प्रत्येकीचा मध्य मी स्वतः बघते. त्यांना वाटतं ताई फार काळजी घेते. मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द ऐकायला तयार नाही, एवढंच त्याचं कारण आहे, आणि ते मी त्यांना कधी सांगणार नाही.

मागच्या पंधरवड्यात नव्या पेठेत मला मंगल भेटली. भर दुपारी, लग्नसराईची गर्दी, रिक्षांचे हॉर्न. मी साध्या कपड्यांत होते, ब्लाउजपीस बघायला एका दुकानाच्या पायरीवर चढत होते आणि मागून हाक आली, "वंदे." अकरा वर्षांत तशी हाक मला कुणी मारली नव्हती. वळले तर मंगल. अंगानं भरलेली, कपाळाला घाम, दोन्ही पिशव्या उजव्याच हातात. नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. बाकीच्या बायका आत साड्या उलगडून बसल्या होत्या. आम्ही दुकानाच्या सावलीत उभ्या राहिलो. तिनं पोरांची नावं सांगितली, मी माझ्या मुलीचं सांगितलं. दुकान चांगलं चाललंय म्हणाली. नवरा बरा आहे म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता आणि त्यामुळे मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"अजून उचलतीस का गं?" तिनं विचारलं.

"उचलते की."

"डाव्यानं किती?"

"साठ."

"लई झालं," ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. मग तिनं पिशव्या पायरीवर ठेवल्या आणि डावं मनगट उजव्या हातात धरून जरा दाबलं. सवयीनं असावं. ते आता आधीपेक्षा बरंच वाकडं होतं. "ह्यानं आता कणीक बी मळवत न्हाय. थंडीत ठणकतंय." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "वंदे, एक इचारू? रागावू नगं."

"विचार की."

"त्या दिवशी हात मधी न्हवता, आसं मला वाटलं हुतं. उचलायच्या आदी जरा ताणून बघितलं, तवाच बार म्होरं जड लागला. सोडून द्यावा वाटला. पर तू मध्य म्हणली हुतीस. मला वाटलं, माझाच हात येडा, तिला डोळ्यांनी दिसतंय. म्हणून उचलला." तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता. एखाद्या गोष्टीचा छडा न लागल्यानं माणूस थकतं, तेवढाच थकवा होता. "खरं सांग. हुता का मधी?"

मी पोलिसात आहे. खोटं बोलणारा माणूस उत्तराआधी काय करतो, डोळे कुठे नेतो, किती वेळ घेतो, हे मला रोज बघावं लागतं. मी यातलं काहीच केलं नाही. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि लगेच म्हणाले, "व्हय मंगे. मधीच हुता."

तिनं हळूहळू मान हलवली. आतून कुणीतरी तिला हाक मारली, साडी पसंत करायला. तिनं दोन्ही पिशव्या उजव्या हातात घेतल्या.

"मग माझाच हात नाठाळ," ती म्हणाली. "अकरा वर्सं उगंच तुझ्यावर संशय धरला बघ. मला माफ कर, वंदे."

मी तिला माफ केलं.